तीनशे बारावी ओळ

९ फेब्रुवारी, रविवार

पल्लवी सकाळच्या गाडीने धुळ्याहून आली. पिशवीत कपडे कमी, कागदच जास्त. दोन जाड गठ्ठे. आल्या आल्या म्हणाली, "आई, बिबडे-पापडांच्या मधे तुला वेळ आहे का?"

काम असं. माणसाच्या रक्तात मायक्रोआरएनए म्हणून अगदी बारीक काहीतरी असतं. जगात कुठेही नवीन सापडलं की एका मोठ्या यादीत त्याचं नाव लागतं. यादीची नवी आवृत्ती निघाली की काहींची नावं बदलतात, काहींना मागे शेपूट लागतं, काही निघूनच जातात. प.चं पीएच.डी.चं काम जुन्या यादीवर झालेलं. आता सगळे नव्या यादीप्रमाणे विचारतात. म्हणून ती जुन्याचं नव्याशी आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर लिहिते आहे. ते बरोबर जुळवतं का हे बघायला हाताने केलेली उत्तरपत्रिका पाहिजे. चारशे ओळी. पहिल्या दोनशे नाझनीन करणार. (तिच्या लॅबमधली मैत्रीण. धुळ्याचीच, वडिलांचं शिवणकामाचं दुकान.) पुढच्या दोनशे मी.

"मला यातलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच तुला सांगते. कळणारा माणूस मनाने जुळवतो."

हे आतून म्हणाले, "मॅट्रिक बाईला पीएच.डी.ला बसवली. आता वरणात मीठ पडलं तर नशीब."

नाव बदललं तरी आत तेच असतं हे मला शिकवायला नको. दाखल्यावर सुशीला, या घरात मंगला. पस्तीस वर्षं झाली.

१० फेब्रु.

प. दुपारी गेली. जाताना नियम सांगून गेली, इथे लिहून ठेवते.

नावाकडे बघायचं नाही. अक्षरं बघायची. चारच अक्षरं, इंग्रजी ए, यू, जी, सी. त्यांची बावीस-तेवीस मण्यांची माळ. नवी यादी शब्दकोशासारखी अक्षरांच्या क्रमाने लावून दिली आहे. तंतोतंत तीच माळ सापडली की समोर नवं नाव लिहायचं. नाही सापडली तर 'मृत' लिहायचं. यादीवाले लोक तोच शब्द वापरतात म्हणे. आधी चुकून यादीत घेतलेलं असतं, पुढे कळतं की तो भलत्याच कशाचा तरी तुटलेला तुकडा होता. मग काढून टाकतात.

"दुसरा शब्द नाही का गं?"

"आई, ही माणसं नाहीत."

तरी देवघरासमोर बसून तो शब्द लिहायचा जीव होईना. स्वयंपाकघरात पाट टाकला. या घरात तो शब्द जपून वापरतात. धाकटे दीर प्रकाशभाऊजी सुरतेला कामाला गेले ते परत आलेच नाहीत. लोक नाही नाही ते बोलले, पण सासूबाईंनी शेवटपर्यंत तो शब्द घरात उच्चारू दिला नाही.

१२ फेब्रु.

बावीस ओळी झाल्या. जुळलं की लाल टिक. यांच्या एसटीतल्या जुन्या डायऱ्या कोऱ्या पडल्या होत्या, त्यातलीच एक घेतली. नवीन वही कशाला.

दोन ठिकाणी 'मृत' लिहावं लागलं. लिहिलं.

१६ फेब्रु., संकष्टी

उपास. नळ आला म्हणून सकाळ पाण्यात गेली. दुपारी पंधरा ओळी. डोळे दुखतात. मजा एवढीच की एका घराण्यातल्या माळांत एकेका अक्षराचा फरक असतो. बहिणी-बहिणी. उजेड कमी असला की एकीचं नाव दुसरीला लागायचं. पट्टी ठेवून वाचते.

पुढच्या काही ओळी प.ने पिवळ्या केल्या आहेत. तंबाखू-मिश्रीने तोंडाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या रक्तात तिला जास्त सापडलेल्या त्या. त्यातल्या ३१२ ला पेनाने दोनदा गोल केला आहे. तिच्या पाच वर्षांच्या कामातली मुख्य तीच. या रोगाची खूण म्हणून तिने शोधलेली.

१८ फेब्रु.

३१२. तीनदा शोधली. चष्मा पुसून परत एकदा.

एका अक्षराच्या फरकाची सापडली. घराणं तेच. लिहिली. टिक केली.

बिबडे वाळले. डबा भरून वर ठेवला.

२३ फेब्रु.

दोनशे पूर्ण. प. येऊन वही घेऊन गेली. म्हटलं, "एकदा बघून घे." तर म्हणते, "दूधवाला तुझ्या वहीवर न बघता सही करतो, मी कोण बघणारी?"

हरिपाठात लक्ष लागलं नाही.

८ मार्च

प.चा फोन. आवाज थकलेला. सॉफ्टवेअरने चारशेपैकी तीनशे नव्व्याण्णव बरोबर जुळवल्या. एकच अडली आहे.

"कुठली?"

"तीनशे बारा. सॉफ्टवेअर तिला मृत म्हणतं, तू नाही म्हणतेस. म्हणजे माझ्याच लिहिण्यात कुठेतरी चूक आहे, आई. शोधते."

मी विचारलं, "जेवलीस का?"

एवढंच विचारलं.

१२ मार्च

अजून शोधते आहे. तीन दिवसांत एकदाच डबा खाल्ला असं नाझनीनने सांगितलं. ती म्हणाली, "काकू, ती कॉम्प्युटरला शिव्या देते आणि मग त्यालाच सॉरी म्हणते." हसले. फोन ठेवला आणि गहू निवडायला बसले. तेच गहू दोनदा निवडले गेले.

उद्या होळी. उद्या नको, परवा सांगू.

१६ मार्च

परवा सांगितलं नाही. आज तिचाच फोन आला. नियम बदलला. तंतोतंत माळ सापडली नाही तर त्याच घराण्यातली एका अक्षराच्या फरकाची चालेल, असं आता सॉफ्टवेअरला शिकवलं. चारशेच्या चारशे जुळल्या. मॅडमनी, म्हणजे तिच्या गाईडनी, सगळ्यांना चहा पाजला. "आईंची वही नसती तर ही अडचण कळलीच नसती," असं म्हणाल्या म्हणे.

देवापुढे साखर ठेवली. प्रसाद यांना दिला. मी घेतला नाही.

हे म्हणाले, "पोरगी खुश, तू का अशी, सुतकात बसल्यासारखी?"

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया, आमची आखाजी

दोघी आल्या, प. आणि ना. कडुलिंबाच्या फांदीला झोका बांधला. ना.ने एवढा मोठा झोका घेतला की शेजारच्या अक्का ओरडल्या, "उतर व माय, डायी मोडी जाई!" पुरणपोळ्या, आमरस. ऊन मरणाचं, तरी घर भरलेलं.

लेख परदेशातल्या मासिकाकडे पाठवला. दोघींची नावं आहेत. शेवटी आभारात माझं. उत्तरपत्रिका तयार केल्याबद्दल.

ना. म्हणाली, "काकू, तुम्ही पासपोर्ट न काढता परदेशात चालल्या."

मग जेवताना सहज बोलली की तिच्या थिसिसचं शेवटचं प्रकरण याच सॉफ्टवेअरवर उभं आहे. ते झालं की कॉलेजात जागा आहे. वडिलांना आता सुईत दोरा ओवता येत नाही.

वाढता वाढता पळी तशीच हातात राहिली. प. म्हणाली, "आई, रस सांडतोय."

२१ जून

प.बरोबर धुळ्याला गेले. एरंडोल गेलं तरी उभंच, पारोळ्याला जागा मिळाली. तिच्या खोलीवर डाळी, लोणचं पोचवायचं होतं. तिथून ती मला दवाखान्यात घेऊन गेली, रक्ताचे नमुने घ्यायला. मी बाकावर बसले.

साक्रीकडच्या डोंगरातली एक बाई होती. माझ्याच वयाची. गालाला फडकं बांधलेलं, तोंड नीट उघडत नव्हतं. नर्सने सुई टोचली तरी हात हलवला नाही. प.ला म्हणाली, "हाई रगत तू कसाले ली ऱ्हायनी व माय?"

प.ने समजावलं. तुमच्या रक्तात एक खूण सापडते का बघतो, म्हणजे पुढच्या बायकांचं लवकर कळेल.

बाई म्हणाली, "ले मंग. पन बठ्ठं बराबर लिखजो." सगळं बरोबर लिही, एवढंच मागणं.

परत येताना प. म्हणाली, "अशा माणसांसाठी करते मी हे, आई." मी खिडकीबाहेर बघत होते. कापसाची लावणी सुरू आहे. कुठे कुठे मोकळंच रान.

१४ जुलै, संकष्टी

लेख स्वीकारला. दीड महिन्यात छापून येईल. सॉफ्टवेअर इंटरनेटवर कुणालाही फुकट वापरता येईल असं ठेवणार.

"कोण वापरणार?"

"कुणीही. दुसऱ्या टोकाच्या देशातला माणूससुद्धा. ज्याच्या ज्याच्याकडे जुनी यादी आहे तो."

चंद्र ढगात होता. अंदाजाने अर्घ्य दिलं. अंदाजाने दिलेलं चालतं असं गुरुजी म्हणतात. चालत असेल.

२९ जुलै, नागपंचमी

चिरायचं नाही, तवा नाही. हात मोकळे. जुनी डायरी काढून बसले. (प.ने नेली ती नक्कल, मूळ मी ठेवलं होतं. माझी सवय.) ३१२ ची लाल टिक बाकी टिकांपेक्षा जाड आहे. दाबून केलेली. कुणीही ओळखेल.

हे खोटं लिहायला नको: मला दिसलं होतं. उजेड भरपूर होता, पट्टीही होती. नव्या यादीत ती माळ नव्हती. पिवळा रंग बघून, तो दोनदा केलेला गोल बघून, समोर तो शब्द लिहवेना. पाच वर्षं पोर घरात धड सणाला राहिली नाही. म्हटलं एका अक्षराने काय होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई देवीचा सण. नैवेद्याच्या रोटाचे गहू मापायला बसले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. गावात असो, परगावी असो, नाव सोडायचं नाही. यांची, माझी, प.ची. मग प्रकाशभाऊजींची. सासूबाईंनी चोवीस वर्षं घेतली, त्यांच्यामागे मी घेते.

या वेळी मूठ भरली आणि हात तसाच राहिला. हे दारात उभे होते. मी म्हटलं, "किती वर्षं मापायची?"

माझा प्रश्न वेगळा होता. त्यांना कसा कळणार.

म्हणाले, "माप. तो गेला असं कुणी लिहून दिलंय का आपल्याला?"

मापली. सुपात टाकली.

पण ३१२ चं मला लिहून दिलेलं होतं. नियमासकट, पोरीच्या अक्षरात. नाही सापडली तर काय लिहायचं ते.

३ ऑगस्ट

कानबाई बसवली. नथ, हिरवी साडी, नारळाला डोळे काढले. भाऊबंदांची घरं आली. प. आली. गाणी. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. सगळे म्हणाले यंदा रोट छान झाला. मी देवीकडे काही मागितलं नाही. मागण्यासारखं तोंड नव्हतं.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन करून आलो. हे झोपले. प. बॅग भरत होती. सांगितलं.

आधी तिला वाटलं माझी चूक झाली. म्हणाली, "अगं होतं असं, दोनशे ओळी म्हणजे..."

"चूक नाही. दिसलं होतं मला."

बॅगेची चेन तिच्या हातात होती.

"दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"तू पिवळं केलं होतंस."

तिने चेन सोडून दिली. मग अगदी हळू, "मी आठ दिवस माझ्यात चूक शोधत होते, आई. माझ्यात. आणि तू विचारत होतीस जेवलीस का."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना पाया पडली. दर वेळी पडते तशीच. डोक्यावर हात ठेवू की नको कळेना.

६ ऑगस्ट

फोन नाही. यांना सांगितलं सगळं. सुपारी कातरता कातरता थांबले. म्हणाले, "मी पण हेच केलं असतं." मग थोड्या वेळाने, "म्हणून बरोबर होत नाही ते."

८ ऑगस्ट

नाझनीनचा फोन. म्हणाली, "काकू, तुम्ही रडू नका. पण मी आज तुमच्याशी नीट बोलू शकत नाही." आणि ठेवला. तिने फोन केला नसता तरी चाललं असतं, पण केला.

वडिलांच्या सुईचं डोक्यातून जात नाही.

१० ऑगस्ट, रविवार

प. आली. कृश दिसते. सॉफ्टवेअर जुन्या नियमावर परत चालवून बघितलं. ३१२ मृतच. तिने रक्तात जे पकडलं ते खरं आहे, पण ते मायक्रोआरएनए नाही. कुठल्या तरी मोठ्या आरएनएचा तुकडा. तुकडा आजारी माणसात का वाढतो हा वेगळा प्रश्न, नवीन काम, नवी वर्षं. आणि नवा नियम ठेवला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या यादीत अशाच कितीतरी मेलेल्यांना जिवंत बहिणींची नावं लागतील. तेच तिला जास्त लागलं आहे.

मॅडमना सांगितलं का, विचारलं. सगळं नाही. "काहीतरी गडबड आहे" एवढंच सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, आता छापून येऊ दे, पुढे दुरुस्ती पाठवू. मागे घेतलं तर दोघींच्या थिसिस रखडतील.

"तू काय ठरवलंस?"

उत्तर न देता पिशवीतून गठ्ठा काढला. २०१ ते ४००. नव्याने छापलेला. एकही ओळ पिवळी नाही, कुठे गोल नाही. "आधी हे परत कर," म्हणाली.

१२ ऑगस्ट, अंगारकी

उपास. सकाळपासून बसले. या वेळी देवघरासमोरच. शंभरावर ओळी झाल्या.

१३ ऑगस्ट

३१२ ला आले. कुठल्या रंगाची नव्हती, तरी ओळखलीच. पट्टी ठेवली. शोधली. नाही.

लिहिलं. शब्द लहानच आहे.

१६ ऑगस्ट

प.ने वही घेतली आणि माझ्यासमोर बसून एकेक ओळ तपासली. दोनशेच्या दोनशे. दोन तास लागले. माझ्याकडे वर बघितलं नाही. मी शेंगा सोलत होते. पहिल्यांदाच माझी वही कुणी तपासली. वाईट वाटलं, पण तपासायलाच हवी होती.

शेवटी म्हणाली, "बरोबर आहे." खाली सही करायला लावली. तारखेसकट. मंगला की सुशीला विचारलं, तर म्हणाली, "जे खरं वाटतं ते कर." मंगला केली.

आभारातलं माझं नाव काढ म्हटलं. म्हणाली, "नाही. काढलं तर काय झालं होतं ते कुणाला कळणार?"

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी उठून प.ने मासिकाला पत्र लिहिलं. इंग्रजीत. मला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. चूक कशी झाली, नियम का बदलला, लेख थांबवावा. "हाताने केलेल्या उत्तरपत्रिकेत" असं लिहिलं आहे. "माझ्या आईने" असं नाही. पाठवलं नाही. आधी नाझनीनला दाखवते, मग मॅडमना, म्हणाली. त्या दोघी नको म्हणाल्या तर, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. ना.साठी बिबडे. हे स्टॅंडवर सोडून आले. आल्यावर म्हणाले, "खिडकीची जागा मिळाली."

दीडची गाडी. चारला धुळं. मॅडम पाचपर्यंत असतात. आता साडेपाच झाले. दिवा लावला. फोन शेजारी ठेवला आहे.

वाजला तर जेवलीस का, हे आधी विचारायचं नाही.